गप्प म्हणजे बरोबर

आमच्या छापखान्यात शाई नसते. मी छापखान्यात कामाला आहे म्हटलं की लोक आधी माझ्या नखांकडे बघतात, आणि नखं स्वच्छ दिसली की त्यांना वाटतं मी थापा मारतोय. आम्ही कागदावर ठिपके उठवतो, आंधळ्यांना बोटांनी वाचता यावं म्हणून. जाड कागद, जस्ताच्या पाट्या आणि दिवसभर धाडधाड करणारं एक म्हातारं यंत्र. एक ठिपका कमी पडला की अक्षर बदलतं, एक जास्त पडला तरी बदलतं. त्यामुळे प्रत्येक पाटीवरून निघालेला पहिला कागद तपासावाच लागतो. हे काम दोघांचं. एक जण बोटांनी ठिपके वाचत मोठ्याने बोलत जातो, दुसरा समोर मूळ पुस्तक धरून बसतो. वाचणारा अनुस्वार, पुस्तक धरणारा मी. नऊ वर्षं.

अनुस्वार हे काही त्याचं खरं नाव नव्हे. त्याच्या बोटाखालून एकही अनुस्वार कधी निसटत नाही, म्हणून कुणीतरी थट्टेत ते नाव ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं. चिडली की त्याची बायकोसुद्धा त्याला याच नावाने हाक मारायची. जन्मापासून आंधळा, स्वभावाने हट्टी, आणि दुसऱ्याची चूक सापडली की इतका खूश व्हायचा की त्याच्याबरोबर डबा खायला बसणं जिवावर यायचं. माझा एकुलता एक मित्र.

तपासणीचा नियम एकच होता. चूक असेल तिथे मी ‘थांब’ म्हणायचं. बरोबर असेल तर काहीच म्हणायचं नाही. प्रत्येक ओळीला हो-हो करत बसलो तर दिवसाकाठी चार पानंही व्हायची नाहीत. मी गप्प म्हणजे बरोबर, तो पुढच्या ओळीवर. नऊ वर्षांत त्याने एकदाही मला ‘नक्की ना?’ असं विचारलं नाही. मला त्याचा फार अभिमान होता.

सायकलचं वेड माझं, त्याचं नव्हे. हजार किलोमीटरची ती शर्यत मी दोनदा एकट्याने सुरू केली होती आणि दोन्ही वेळा सहाव्या चौकीच्या अलीकडे हात टेकून सामानाच्या गाडीत बसून परत आलो होतो. पंच्याहत्तर तासांत हजार किलोमीटर, वाटेत नऊ चौक्या, प्रत्येक ठिकाणी शिक्का. तिसऱ्यांदा एकट्याने जायची हिंमत नव्हती, म्हणून मी एक जुनी दोन सीटची सायकल घेतली आणि अनुस्वारला मागे बसवलं. आधी रविवारी तासभर, मग दिवसभर. त्याला वारा तोंडावर लागला की तो गाणी म्हणायचा. भसाडी. शर्यतीचं खूळ त्याच्या डोक्यात मीच भरलं, आणि एकदा भरल्यावर ते माझ्यापेक्षा त्याच्याच डोक्यात जास्त पक्कं बसलं. डोळस लोक अर्ध्यात सोडून येतात तिथे आपण पोचायचं, असं तो छापखान्यात सगळ्यांना ऐकवत फिरायचा. सगळ्यांना म्हणजे मलाही.

आता या सायकलवर मागच्याच्या हातांना काही काम नसतं. ब्रेक, गिअर, वळणं, सगळं पुढच्याकडे. मागच्याने पाय मारायचे आणि हॅन्डल धरून बसायचं. ऐकायला ऐष वाटते. पण ज्याला रस्ता दिसत नाही तो माणूस हॅन्डल सैल धरत नाही. धक्का कधी येईल ते माहीत नसल्यामुळे तो कोपरं ताठ ठेवतो, सगळा भार तळहातांवर टाकतो, आणि प्रत्येक खड्डा सरळ मनगटात शिरतो. म्हणून मी आधीच ‘खड्डा’ म्हणून ओरडायचो. तो हात सैल सोडायचा, धक्का निघून जायचा.

सरावात आम्ही चारशे किलोमीटर केले तेव्हा त्याच्या हातांना पहिल्यांदा मुंग्या आल्या. आधी करंगळ्या, मग सगळा पंजा. सोमवारी तपासणीला बसलो तर एका पानात मी अकरा वेळा ‘थांब’ म्हणालो. एरवी महिन्यात अकरा होत नसत. त्याचा चेहरा पांढरा पडला. दोन दिवसांनी बोटं ताळ्यावर आली तेव्हा त्याने आनंदाने मला माझ्या पुस्तकातल्याच दोन छपाईच्या चुका काढून दाखवल्या.

डॉक्टरांनी मनगटं दाबून पाहिली आणि सांगितलं की तिथल्या अरुंद जागेतून जाणारी नस चेपली जातेय. मुंग्या येतील तोवर ठीक, पण बोटांना कळेनासं झालं की त्या क्षणी उतरायचं. तसंच रेटलं तर नस मरेल, आणि मेली तर परत येईलच असं नाही. शर्यतीला जाऊ नका असं मात्र ते म्हणाले नाहीत. निदान आम्ही दोघांनी तरी ते ऐकलं नाही.

वहिनी औषधांच्या दुकानात काम करत. त्यांनी मला दुकानातच गाठलं. समोरच्या गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे परत देता देता, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “भाऊजी, पाय मोडला तर प्लास्टर घालू. पण बोटं गेली तर ते दुसऱ्यांदा आंधळे होतील. तुमचे डोळे उघडे ठेवा, एवढंच.”

मग आम्ही एक युक्ती काढली. युक्ती कसली, करारच. छापखान्यातल्या उरलेल्या तुकड्यांवर मी नऊ कार्डं उठवली, गृहविज्ञानाच्या पुस्तकातली नऊ वेगवेगळी वाक्यं. बोटांना वरची बाजू कळावी म्हणून प्रत्येकाचा उजवा वरचा कोपरा कापला. प्रत्येक चौकीवर मी एक कार्ड काढून द्यायचं, त्याने वाचायचं. वाचता आलं नाही तर शर्यत तिथेच संपली, कुणी कुणाची मनधरणी करायची नाही. मी ठिपके डोळ्यांनी वाचतो, त्यामुळे मला फसवणं शक्य नव्हतं. वहिनींना हे पटलं. मलाही पटलं होतं.

शर्यत दुपारी बाराला सुटली. पहिल्या तीन चौक्या झकास गेल्या. चौथ्या चौकीवर मी कार्डं बाहेर काढली तर त्यांचा लगदा झाला होता. मी ती शर्टाच्या मागच्या खिशात ठेवली होती, घामाने कागद मऊ पडून ठिपके बसले होते. नऊ वर्षं ठिपके उठवणारा माणूस, आणि ठिपक्यांना ओल चालत नाही हे माझ्या ध्यानात येऊ नये. अनुस्वार पोट धरून हसला. कागद कमी पडला म्हणून एक कार्ड मी प्लास्टिकच्या पत्र्यावर काढलं होतं, तेवढं शाबूत होतं. त्याने ते सावकाश वाचलं: “उकळलेले पाणी थंड होईपर्यंत भांडे झाकून ठेवावे.” पाचव्या चौकीवर तेच कार्ड त्याने झरझर वाचलं. वाचलं कसलं, वाक्य पाठ झालं होतं. हे मला कळत होतं, मला कळतंय हे त्याला कळत होतं, आणि आम्ही दोघंही त्याबद्दल चकार शब्द बोललो नाही. उलट परीक्षेत पास झालेल्या पोरांसारखे खुशीत पुढे निघालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून माझा आवाज बसला. आधी मी ‘खड्डा’ म्हणायचो, मग नुसतं ‘हं’, मग तेही जड वाटायला लागलं. मोठे खड्डे तेवढे सांगू, असं मी ठरवलं. बारके त्याच्या मनगटांच्या वाट्याला गेले. तो कुरकुरला नाही. मध्येच एकदा पाण्याची बाटली त्याच्या हातातून रस्त्यावर पडली. थांबून घेऊ या का म्हटलं तर म्हणाला, राहू दे, वजन कमी झालं.

सहावी चौकी एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या खोलीत होती. तिथे पोचलो तेव्हा तिसऱ्या दिवशीचे सकाळचे दहा वाजले होते. आत एक टेबल, शिक्का मारणारी एक जाडजूड बाई, चहाची मोठी किटली, केळ्यांचा घड आणि भिंतीला टेकून झोपलेले चार सायकलवाले. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट तसंच होतं. मी अनुस्वारच्या हातात केळं दिलं. त्याने साल काढायचा प्रयत्न केला, बोटं घसरत राहिली, तेव्हा सालासकट चावून खाल्लं आणि साल थुंकली. चहाचा ग्लास त्याने दोन मनगटांमध्ये धरला. चहा कढत आहे हे त्याला ओठ पोळल्यावर कळलं.

“दे कार्ड,” तो म्हणाला.

मी दिलं. त्याने कापलेला कोपरा शोधला. कार्ड फिरवलं, पुन्हा फिरवलं, कडेवरून अंगठा नेला. मग ते मांडीवर ठेवलं, दोन्ही तर्जन्या पहिल्या ओळीवर टेकवल्या आणि वाचायला सुरुवात केली. उकळलेले पाणी थंड होईपर्यंत भांडे झाकून ठेवावे. आवाज ठणठणीत, कुठे अडखळला नाही.

मी त्याच्या समोर बसलो होतो. समोरून बघणाऱ्याला ठिपके उलटे दिसतात. नऊ वर्षं मी ते उलटेच वाचत आलोय. या वेळी ते मला सरळ दिसत होते. शाळेच्या फळ्यावर लिहिल्याइतके सरळ. कापलेला कोपरा त्याच्या डाव्या हाताशी, खाली होता.

मला झोप आली होती, नीट दिसलं नाही, असलं काही मी सांगणार नाही. मला लख्ख दिसलं. त्याची बोटं त्या ठिपक्यांवरून, टेबलावर फडकं फिरवावं तशी जात होती, आणि त्यांना काहीही कळत नव्हतं. वाचून झाल्यावर तो लगेच उठला नाही. तोंड माझ्याकडे करून थोडा वेळ बसून राहिला.

मी चहा पीत राहिलो. दोनदा मी या चौकीपर्यंतसुद्धा पोचलो नव्हतो. आता शिक्का पडला होता, पाय चांगले होते, वेळ हाताशी होता आणि पुढे साडेतीनशे किलोमीटर, बहुतेक उताराचे. एक शब्द बोलायचा होता. तो शब्द बोलायचाच मला पगार मिळायचा. मी मनात म्हटलं, तो मोठा माणूस आहे, हात त्याचे आहेत, त्याला ठरवू दे. किती सोयीचा विचार होता तो. बाईने विचारलं, पुढे जाताय का दोघं. अनुस्वार हसून म्हणाला, जातोय तर. मी त्याचे तळवे हॅन्डलवर नेऊन ठेवले, कारण त्याला हॅन्डल सापडत नव्हतं.

सातव्या, आठव्या आणि नवव्या चौकीवर कार्ड ना त्याने मागितलं, ना मी काढलं.

त्र्याहत्तर तास चाळीस मिनिटांनी आम्ही पोचलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याला खांद्यावर घेतलं. हेल्मेटचा पट्टा त्याला सोडता येईना, तो मी सोडला. गळ्यात पदक घातलं तेव्हा त्याने ते हातात घेऊन उलटसुलट फिरवलं आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, यावर काही लिहिलंय का रे. त्यावर बोटभर उंचीची अक्षरं कोरलेली होती.

करंगळ्या महिन्याभरात सुधारल्या. अंगठा आणि मधलं बोट थोडं थोडं. दोन्ही तर्जन्या मात्र तशाच राहिल्या. तो सांगायचा, बोटांवर कुणीतरी जाड कापूस गुंडाळून ठेवलाय. दोन्ही मनगटांचं ऑपरेशन झालं. छापखान्याने चार महिने वाट पाहिली आणि मग त्याला टेलिफोनपाशी बसवलं. तिथेही नंबर लावताना बटणं चुकायची, म्हणून फक्त आलेला फोन उचलायचा असं ठरलं. त्याच्या खुर्चीत एक नवी मुलगी आली. हुशार आहे. ती वाचते, मी पुस्तक धरतो, आणि पलीकडच्या खोलीतून त्याचा ‘नमस्कार, छापखाना’ असा आवाज ऐकू येतो. मी रोज घरी जाताना त्याच्या टेबलापाशी थांबतो. तो मला शर्यतीतल्या गमती सांगतो, जसा काही मी तिथे नव्हतोच.

वहिनींनी मला एका शब्दाने विचारलं नाही. घरी गेलो की पाणी आणून ठेवायच्या आणि आत निघून जायच्या. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते.

आठ महिन्यांनी एका रविवारी दुपारी गेलो तेव्हा वहिनी दुकानात होत्या. तो जेवणाच्या टेबलाशी ताट घेऊन बसला होता. ताटात वेगवेगळ्या आकारांची पन्नासेक बटणं. लहान, मोठी, दोन भोकांची, चार भोकांची. डॉक्टरांनी दिलेला व्यायाम होता, रोज तासभर बोटांनी चाचपून वेगळी करायची. त्याने तीन ढीग केले होते. तिन्ही ढिगांत सगळ्या प्रकारची बटणं होती.

मी ते सांगितलं नाही. तो त्या दिवशी फार खुशीत होता. मला बसायला सांगून त्याने खुर्ची पुढे ओढली.

काल डॉक्टरांकडे जाऊन आलो, म्हणाला. डॉक्टरांनी एकच गोष्ट खोदून खोदून विचारली. शर्यत सुरू असताना बोटं पूर्ण बंद नेमकी कधी पडली? तसं होऊन त्यानंतर दिवसभर त्यांच्यावर भार पडला असेल तर फार आशा धरू नका. पण दोन दिवसांनंतरही थोडी जरी जाणीव शिल्लक असेल, तर नस पूर्ण मेलेली नाही. वर्ष लागेल, दीड लागेल, पण परत येईल.

“मग तू काय सांगितलंस?” मी विचारलं.

“होती म्हणून सांगितलं.” तो टेबलावर पुढे वाकला. “आता तुला एक कबूल करतो, रागवू नकोस. सहाव्या चौकीवर मला कोपरा लागत नव्हता. एकही ठिपका लागत नव्हता. वाक्य तर पाठच होतं. तुला फसवलंच म्हण ना. कार्ड मी अंदाजाने ठेवलं मांडीवर, आणि म्हटलं, उलटं असेल तर हा थांब म्हणेल. वाचून झाल्यावर वाटसुद्धा बघितली मी. तू काहीच बोलला नाहीस.”

तो हसत होता. “तेव्हा मी फक्त एवढंच म्हटलं की चला, वाचलो. पण काल डॉक्टरांनी विचारल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तू गप्प होतास म्हणजे कार्ड सरळ होतं. म्हणजे एवढ्या फिरवाफिरवीत बोटांनी ते बरोबर ओळखलं होतं, माझ्यापर्यंत पोचलं नाही इतकंच. म्हणजे तिथवर काहीतरी जिवंत होतं. हो की नाही?”

आणि तो थांबला. तोंड माझ्याकडे करून, तसाच. मी आणखी एकदा गप्प बसलो असतो तरी भागलं असतं. त्याने ते बरोबर म्हणून घेतलं असतं आणि वर्ष-दीड वर्ष आशेवर बटणं वेगळी केली असती. मला ते करावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण त्या आशेपायी तो रोज ज्याच्यावर विसंबून बसणार होता तो माझा शब्दही नव्हता, नुसतं माझं न बोलणं होतं. ते मला सहन होईना.

“थांब,” मी म्हणालो.

त्याचं हसू लगेच गेलं. त्या शब्दाचा अर्थ त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“उलटं होतं?”

“उलटं होतं.”

“तुला कधी कळलं?”

“तिथेच. तू वाचत होतास तेव्हा.”

तो ओरडला असता, ताट भिरकावलं असतं तर मी समजू शकलो असतो. त्याने कोपराने बटणं एका बाजूला सारली. काही खाली पडून खोलीभर गेली. मी वाकलो तर राहू दे म्हणाला.

मग तो उठला आणि भिंतीशी असलेल्या कपाटाकडे गेला. तिथे आमची तपासलेली पुस्तकं होती, प्रत्येकाचा एक खंड तो घरी आणायचा. त्याने दोन्ही तळव्यांमध्ये धरून एक जाडजूड खंड ओढून काढला, टेबलावर आणून उघडला आणि तर्जन्या पहिल्या ओळीवर टेकवल्या. बोटं डावीकडून उजवीकडे गेली. खालच्या ओळीवर आली, पुन्हा गेली. सवयीने ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. असं त्याने पान संपेपर्यंत केलं. मी समोर बसून ते पान वाचलं, उलट्या बाजूने. त्यात एकही चूक नव्हती.

त्याने पुस्तक मिटलं.

“आणखी कुठं कुठं गप्प बसलास?” त्याने विचारलं. “या नऊ वर्षांत?”

“कुठंच नाही,” मी म्हणालो.

ते खरं होतं. पण ते पडताळून बघायला त्याच्याकडे आता काहीच उरलं नव्हतं.